सहा गुणांचं गणित

बाईंनी पेन्सिलीचं टोक यादीच्या पहिल्या ओळीवर पुन्हा टेकवलं आणि सावकाश खाली आणलं. नववीच्या बीजगणितात मुलांना काय काय यायला हवं, याची ही राज्याची यादी. ती दरवर्षी येई आणि बाई ती न उघडताच कपाटात टाकत. त्यांची स्वतःची वही असताना यादी हवी कशाला! पण या वर्षी मुख्याध्यापक हटूनच बसले. वहीतल्या प्रत्येक धड्यापुढे यादीतला क्रमांक लिहून द्या म्हणाले. अकरा धड्यांचे क्रमांक चुटकीसरशी सापडले. बारावा, पूर्ण वर्ग करून वर्गसमीकरण सोडवणे, काही केल्या सापडेना.

तो सापडला मागच्या पानावर, दहावीच्या यादीत.

सोळा वर्षं नववीच्या पेपरात सहा गुणांचं ते गणित त्या हटकून घालत. "हे आलं त्याला बीजगणित आलं," हे त्यांचं पालुपद साऱ्या शाळेला पाठ होतं. यात त्यांनी नात्यागोत्याची भीडही ठेवली नाही. सख्खी भाची चार गुणांनी नापास झाली, तेव्हा "मावशी नंतर, आधी शिक्षिका," असं बहिणीला तोंडावर सांगून त्या मोकळ्या झाल्या होत्या. पोरीने शाळा सोडली ती सोडलीच. आता ती शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती.

ते गणित तिने कोरं सोडलं होतं. बाईंना ते पान अजून दिसत होतं.

यादी तशीच हातात धरून त्या रस्ता ओलांडून दुकानात शिरल्या. भाची कागदांचा गठ्ठा ठोकून सारखा करत होती.

"ये मावशी. किती प्रती काढू?"

"प्रती नकोत गं." बाईंनी यादी काउंटरवर पसरली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे... दहावीचं आहे. आणि तुला मी नववीत..."

भाचीने यादीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माहितीये. शाळेसाठी दरवर्षी याची झेरॉक्स मीच काढते."

"माहीत होतं? मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?" भाची गठ्ठ्याला पिना मारत म्हणाली. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "मला वाटलं, तुला माहीतच असणार."

बाईंनी काउंटरचा आधार घेतला. भाचीने मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि घाईघाईने स्टूल पुढे सरकवलं.