तिसरीचा गाण्याचा तास

प्रमोदिनीबाईंनी पेटीचा भाता उघडला, मिटला, परत उघडला. सूर एकही धरला नाही. डोळे दाराकडे लागले होते. संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब यायला अजून वेळ होता, पण बाईंच्या जिवाला थारा नव्हता.

आष्ट्याच्या या शाळेत वर्षभर त्यांनी तिसरीपुरता गाण्याचा तास चालवला होता. निवडक चार गोड गळ्यांचा नव्हे, सगळ्या वर्गाचा. तो त्यांचा हट्टच होता. आज लालासाहेबांना पसंत पडलं, तर जूनपासून प्रत्येक वर्गाला असा तास मिळणार. नाही पडलं, तर आहे तोही गणित गिळणार.

मागच्या बाकावरची शिवांजली सगळ्यांत मोठ्यानं गायची आणि प्रत्येक ओळ भलतीकडेच नेऊन सोडायची. मग शेजारची पोरंही तिच्यामागं जायची. सोमवारी बाईंनी तिला जवळ घेऊन हळूच सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव हं बाळा. छान दिसतं." स्नेहसंमेलनाआधी सगळ्याच शाळांत असं सांगतात, त्यात काय एवढं, असं त्या तेव्हापासून स्वतःला समजावत होत्या.

लालासाहेब आले. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस, खुर्चीतही ताठ बसला. पोरं गायली. एकही ओळ घसरली नाही.

"लय ग्वाड," ते उठत म्हणाले. "मला वाटलं हुतं, निम्मी तरी बेसूर निघतील. द्या सगळ्या वर्गांना तास, बाई."

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली तसा बाईंचा जीव भांड्यात पडला.

"पुन्हा म्हणूया," त्या हसत म्हणाल्या. "आता मोकळ्या गळ्यानं. सगळ्यांनी."

वर्ग दणाणला. तरी बाईंना काहीतरी उणं वाटत राहिलं. पेटी सोडून त्या मागच्या बाकाशी गेल्या. शिवांजली मान डोलवत होती, तोंड चांगलं मोठं उघडत होती. आवाज तेवढा नव्हता.

"शिवांजली, गा की गं आता. पाहुणे गेले."

पोरीनं नवलानं वर पाहिलं.

"गातीया की, बाई. घरीबी आता आसंच गातीया." मग जरा लाजून तिनं विचारलं, "छान दिसतंय न्हवं?"

बाईंचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. पेटीवाचूनही पोरांनी पुढची ओळ अगदी सुरात घेतली. बाईंना ती ऐकवेना.