दोर आणि दोरा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर दोरेबाबांनी जाडजूड पितळी कांडी उचलली, तिच्यावर सुती दोरा घट्ट गुंडाळला आणि खाली पेटती मेणबत्ती धरली. ज्योत दोऱ्याला चाटत राहिली, पण दोरा काही जळेना. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळे पुसले. बाबांनी बोटाने काजळी पुसली आणि तोच दोरा सगळ्यांना अखंड काढून दाखवला.

“आग याला शिवत नाही,” बाबा मायेने म्हणाले. “मग हा मनगटावर असताना अपघात तुम्हाला कसा शिवेल? विमे कसले काढता? विमा म्हणजे मरणाशी केलेला करार. करार केला की समोरचा वसुलीला येणारच.”

हशा पिकला. दोरा बांधल्यापासून ज्यांना काहीही झालं नाही त्यांनी हात वर करावेत, असं बाबांनी सांगितलं. हातांचं रान उगवलं. शेवटच्या रांगेत मात्र एक माणूस आपला हात मांडीखाली दाबून बसला होता.

त्याला सगळे नाऱ्या म्हणत. ते काही त्याचं नाव नव्हतं. तो विमा विकायचा, आणि ‘उद्या तुम्हाला काही झालंच तर’ या शब्दांनी त्याच्या धंद्याची सुरुवात व्हायची. ते ऐकलं की लोक म्हणायचे, शुभ बोल रे नाऱ्या. म्हणीतल्या नाऱ्याने निदान मांडवाला खरोखर आग लागल्यावर तोंड उघडलं होतं. हा तर आग लागायच्या आधीच बोलायचा. रस्त्यात तो दिसला की ओळखीची माणसं दुकानांच्या पाट्या वाचायला लागत. लाँड्रीच्या वरच्या खोलीत तो एकटा राही. घरात ताट एक आणि खुर्चीही एकच, कारण दुसरी लागलीच नव्हती. हक्काने जावं असं घर एकच उरलं होतं, ताईचं. आता तेही तुटायला आलं होतं.

ताईचे यजमान, म्हणजे दाजी, उंच इमारतींच्या काचा पुसायचे. दोराला लटकून दिवस काढायचा, असं ते काम. त्यांनी बाबांचा दोरा बांधला आणि विम्याचा हप्ता थांबवला. पुढे कमरेचा पट्टा दोराला अडकवणंही सोडलं. पट्ट्याने हात मोकळा चालत नाही म्हणे. नाऱ्याने जेवताना विषय काढला तेव्हा ताईने वाढता वाढता हात थांबवला. भाऊ म्हणून येणार असशील तर ये, म्हणाली, त्या नाऱ्याला दाराबाहेर ठेवून ये.

म्हणून तो लबाडी शोधायला इथे आला होता. पण खरं सांगायचं तर त्याला इथे बरं वाटत होतं. शेजारच्या बाईंनी “या भाऊ, बसा” म्हणत सरकून जागा दिली होती. आपल्यासाठी कोणी सरकल्याचं त्याला आठवतही नव्हतं. हात दाबून ठेवावा लागला तो त्यामुळेच. तो आपसूक वर जायला बघत होता. निघताना त्यानेही एक दोरा घेतला. दक्षिणा रोख. उधारीच्या दोऱ्याला गुण येत नाही, असं कळलं.

खोलीवर येऊन त्याने दोऱ्याचं मोकळं टोक मेणबत्तीवर धरलं. ते भुर्रकन जळालं. उरलेला दोरा त्याने दाराच्या पितळी कुलपावर घट्ट गुंडाळला आणि पुन्हा ज्योत लावली. या वेळी दोरा जळेना, पण कुलपाने बोटाला असा चटका दिला की विचारू नका. बोट तोंडात घालून तो उभा राहिला, आणि कोडं सुटलं. ज्योतीची उष्णता धातू ओढून घेत होता, त्यामुळे दोरा पेटण्याइतका तापतच नव्हता. राबत होतं पितळ आणि नाव होत होतं दोऱ्याचं. केवढा शोध, पण ‘हे बघ’ म्हणायला खोलीत कोणी नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं.

वर गेलेल्या हातांचं कोडं तर त्याला पडलंच नव्हतं. ज्यांचे हात वर जात नाहीत, त्यांच्या घरी तोच जायचा. गिलाव्याचा मिस्त्री परांचीवरून पडून खाटेला खिळला होता. विमा त्याने मोडला होता, दोरा मात्र मनगटावर शाबूत होता. श्रद्धा कमी पडली, असा बाबांचा निरोप आला होता.

पुढच्या सभेला ताई आणि दाजी पहिल्या रांगेत होते. पुन्हा सगळे हात वर गेले, तसा नाऱ्या उठून पुढे आला.

“बाबा, आता ज्यांना काही झालं, त्यांना हात वर करायला सांगा.”

एकही हात उठला नाही. बाबा हसले. “बघा. कोणीच नाही.”

“कसं असेल? मिस्त्री खाटेवर पडलाय. त्याला इथे उचलून कोण आणणार? जो वाचला तोच इथे येतो, बाबा. तुम्ही त्यांचेच हात मोजता.”

नाऱ्याने दाजींकडे त्यांचा दोरा मागितला. नास्तिकाच्या हातात दोऱ्याची शक्ती जाते, असं बाबा घाईघाईने म्हणाले. मग माझी ताई धरेल, नाऱ्या म्हणाला, तिची श्रद्धा आहे. ताईने दाजींच्या मनगटावरचा दोरा सोडला आणि मोकळाच ज्योतीवर धरला. तो जळून तुटला. मग नाऱ्याने लाँड्रीत कपड्यांचे गठ्ठे बांधायचा साधा दोरा खिशातून काढला आणि बाबांच्याच कांडीवर गुंडाळला. तो जळेना.

“पितळ उष्णता ओढून घेतं, म्हणून दोरा वाचतो,” तो म्हणाला. “दाजी, तिथे वर तुमच्या पाठीशी पितळ नाही. दोर आहे. दोर आणि दोरा यांत एका कान्याचा फरक, पण माणसाचं वजन दोरच पेलतो. आणि बाबा, आग शिवत नाही म्हणता, तर दाराशी ते आग विझवायचं लाल नळकांडं कोणासाठी?”

कोणीतरी हसलं. नाऱ्याच्या बोलण्यावर माणसं हसली, त्याच्यावर नव्हे, असं प्रथमच घडत होतं. काहींनी दोरे काढून खुर्चीवर ठेवले. काहींनी गाठ आणखी आवळली, तीही माणसंच.

तेव्हा मंडळी, ‘आजवर मला काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे. ते आजवरचं नशीब आहे. कुणी न जळणारा दोरा दाखवला तर त्याच्या आत काय आहे ते पाहा, आणि हात मोजण्याआधी कोण आलं नाही ते विचारा. हे सगळं नाऱ्याला तोंडपाठ होतं. म्हणूनच त्या संध्याकाळी दाजींचा प्रश्न त्याला जड गेला.

दाजींनी खुंटीवरचा पट्टा काढून त्याची कडी ओढून पाहिली, राहिलेला हप्ता भरायचं कबूल केलं आणि सहज विचारलं, “आणि तुझा स्वतःचा विमा केवढ्याचा रे?”

“नाही काढला,” नाऱ्या म्हणाला. त्याने ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. “मला काय होतंय? आणि झालंच तर अडणार कुणाचं? वारस म्हणून नाव तरी कुणाचं घालू?”

ताई भांडी लावत होती. ती वळली.

“का? मी मेले होते का?”

नाऱ्याने मान खाली घातली.

“शुभ बोल, ताई,” तो म्हणाला.