रक्तातला कोब्बु

रणोजीरावांची लेक तुळसी, तिचं लग्न झालं ते साल दोन हजार तीन. कानडी मुलखात, विजयनगरातल्या त्यांच्या घरापुढचा मांडव अजून उतरला नव्हता, तेवढ्यात कडकोळच्या कारखान्यातून निरोप आला, की पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यायचं. रणोजीराव तिथं पहारेकऱ्यांचे मुकादम होते. अंगानं काटक, पोट पाठीला लागलेलं, मिशीला पीळ. हसत हसत रक्त देऊन आले.

आठवड्यानं दवाखान्यात डॉक्टर वेदवतींनी कागद बघितला आणि कानडीत म्हणाल्या, "रावरे, निम्म रक्तदल्लि कोब्बु जास्ति इदे."

आता कानडीत कोब्बु म्हणजे चरबी, आणि कोब्बु म्हणजे माजही. रणोजीरावांनी आपल्याला शोभणारा अर्थ उचलला.

"असणारच की, अम्मा. चार पिढ्या इथल्या महाराजांच्या घोडदळात होत्या आमच्या."

डॉक्टरीणबाई हसल्या. शेजारी बसलेल्या गिरिजाबाईंना मात्र नवऱ्याचा हा विनोद रुचला नाही.

"माज नव्हे हो. कोलेस्टेरॉल," डॉक्टर म्हणाल्या. "आपलं यकृतच ते तयार करतं. वाजवीपेक्षा जास्त झालं, की रक्तवाहिन्यांना आतून थर धरतो. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस वाट बंद होते."

"आमच्या शेजारचा भुजंगराव एवढा जाडा, की दारातून तिरका होऊन जातो. त्याचं रक्त चोख. आणि माझ्या अंगावर चिमटीत धरायला मांस नाही, तर चरबी माझ्यात?"

"अंगावरची वेगळी, रक्तातली वेगळी."

गिरिजाबाईंच्या डोळ्यापुढं थोरले दीर आले. मल्हाररावही असेच सडपातळ. पन्नाशीला जेवता जेवता छातीवर हात ठेवला आणि बसल्या जागी कलंडले. दृष्ट लागली, म्हणाले होते सगळे.

"अम्मा," त्यांनी विचारलं, "हे घराण्यातनं येतं का?"

डॉक्टरांनी दिरांचं सगळं ऐकून घेतलं. सासरेही तसेच गेले होते, हेही ऐकलं. मग म्हणाल्या, "येतं. म्हणूनच नुसत्या पथ्यावर भागायचं नाही. गोळी रोज, चालणं रोज."

त्या दिवसापासून गिरिजाबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तळण सणापुरतं, मटण महिन्यातनं एकदा, तेही चरबी काढून. ताटात नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, आणि हुरळीचं सारू, म्हणजे आपलं कुळथाचं सार.

"हा घोड्याचा खुराक आहे," रणोजीराव म्हणाले.

"घोडदळातले ना तुम्ही? जेवा."

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. आकडा उतरला होता. रणोजीरावांनी तो कागद भुजंगरावाला दाखवला, तुळसीच्या सासरी फोन करून सांगितला आणि गोळी बंद केली. गिरिजाबाईंना ते कळलं दसऱ्याच्या तोंडावर, औषधाचं पाकीट आणायला पैसे मागितले नाहीत तेव्हा.

"ताप उतरल्यावर कोण गोळी घेतं गं? बरा झालो मी."

बोलून हा माणूस ऐकणाऱ्यातला नव्हता, आणि रडून ऐकणाऱ्यातला तर नव्हताच.

आयुधपूजेच्या सकाळी रणोजीरावांनी पणजोबांची तलवार खाली काढली. दर वर्षीप्रमाणं मांडीवर घेतली, राखेनं घासली, तेलाचा बोळा फिरवला. गिरिजाबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन शेजारी बसल्या.

"मागच्या वर्षी पुसली होती ना?"

"पुसली होती की."

"चकचकीत झाली होती. मग परत कशाला?"

"गंज चढतो. हात थांबला की चढतो. एवढं तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे," गिरिजाबाई म्हणाल्या. "गोळी सोडलेल्यालाच माहीत नाही. मल्हारभाऊजींना तर आपल्याला गंज चढलाय हेच कुणी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलंय."

रणोजीराव बोळा तसाच फिरवत राहिले. मुठीपासून टोकापर्यंत, परत मुठीपर्यंत. तलवार पाटावर ठेवली, हात धुतले.

"पाकीट संपलंय," ते म्हणाले. "पूजा होऊ दे, आणतो."

"आणलंय मी. कुंकवाच्या करंड्याजवळ आहे."

त्यांनी पाकीट घेतलं, बायकोकडं बघितलं. "कोब्बु कुणाच्या रक्तात आहे ते मला आता कळलं."

"चार पिढ्या सांभाळायच्या म्हणजे लागतो थोडा," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

दसरा झाल्यावर रणोजीराव हूटगळ्ळीला गेले. मल्हाररावांचा मुलगा मालोजीराव तिथल्या एका कारखान्यात फिटर होता. पस्तिशीचा, काकासारखाच काटक. "मला काय झालंय, काका?" म्हणून तो अडून बसला. काकांनी त्याच्या मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली आणि त्याला उपाशीपोटी वेदवतींच्या दवाखान्यात नेऊन उभा केला.

"अम्मा, याच्या रक्तात कोब्बु बघा. आमच्यात असतो."

होता. काकापेक्षा जास्तच होता. त्या दिवसापासून मालोजीरावाचीही गोळी सुरू झाली.

रणोजीराव रोज पहाटे चालत राहिले. दर दसऱ्याला तलवार घासत राहिले. पुढं पुढं भुजंगरावालाही ओढून फिरायला न्यायला लागले.

मल्हारराव वारले एकोणीसशे एकोणनव्वद साली, पन्नासाव्या वर्षी. रणोजीराव वारले दोन हजार बावीसच्या आषाढात, सत्याहत्तराव्या वर्षी, न्यूमोनियानं.