क्रिस्टीनाच्या पायातलं हाड

आठ वर्षांत शांतवन त्या डॉक्टरांच्या खोलीत दुसऱ्यांदाच शिरत होता.

पहिल्यांदा गेला तेव्हा त्याची लेक क्रिस्टीना बारा वर्षांची होती. गुडघ्याखाली, नडगीच्या हाडात तिला गाठ निघाली होती. "लाखात एखाद्याला होते अशी. पण कॅन्सर नव्हे," डॉक्टर म्हणाले. त्यातलं 'नव्हे' कानावर पडायच्या आधीच शांतवन भोवळ येऊन आडवा झाला. बायकोनं, फिलोमिनानं, त्याला पाणी पाजलं आणि हाताला धरून बाहेर बसवलं. "तुमी हितंच थांबा. एका टायमाला एकच पेशंट बास झाला." त्यानंतर दर वर्षी तपासणीला तिघं पुणतांब्याहून नगरला यायची, पण आत मायलेकीच जायच्या.

डॉक्टरांनी गाठ खरवडून काढली होती. हाडात पोकळी राहिली, ती भरायला फिलोमिनाच्या कमरेचं हाड घेतलं. मग कितीतरी दिवस दोघी लंगडायच्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. रविवारी चर्चमध्ये एकमेकींना धरून यायच्या तेव्हा बाया तोंडाला पदर लावायच्या. फिलोमिना म्हणायची, "हसा की! दोघीत मिळून दोन पाय तर धड हायत."

तेव्हापासून शांतवनला एक विनोद सापडला होता. पोरगी हट्टाला पेटली की तो म्हणायचा, "तिचा काय दोष? हाड आईचं हाय." जेवताना आठवड्यातून चारदा तरी म्हणायचा.

गेल्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, काविळीनं आठ दिवसांत फिलोमिना गेली. मग तो विनोद त्यानं परत केला नाही. पण क्रिस्टीना अंगणातून चालत आली की त्याला वाटायचं, घरात अजून अडीच माणसं आहेत. हे तो कुणाला बोलला नव्हता.

त्या वर्षीची तपासणी राहूनच गेली. क्रिस्टीना पोलीस भरतीसाठी पळायला लागली आणि नडगी दुखायला लागली, नेमकी जुन्याच जागी. गाठ परत आली असली तर सगळं पुन्हा खरवडावं लागेल. पोरीचा पाय, भरती, सगळंच अडेल. आणि फिलोमिनाचं तेवढं उरलेलंही जाईल. ही दुसरी भीती मनात आली की शांतवनला स्वतःचीच लाज वाटायची.

डॉक्टरांनी जुने आणि नवे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. बराच वेळ बघत राहिले.

"गाठ नाही," ते म्हणाले. "पळून पळून हाडावर ताण आलाय. महिनाभर पळणं बंद. मग परत दाखव, म्हणजे हळूहळू सुरू करू."

शांतवननं श्वास सोडला. उठून एक्स-रेजवळ गेला. "साहेब, ह्यात तिच्या आईचं कुठलं?"

डॉक्टरांनी क्रिस्टीनाकडं बघितलं. ती खाली बघत होती.

"आता तसं वेगळं काही राहिलं नाही," ते म्हणाले. "भरलेलं हाड शरीर हळूहळू खातं आणि त्या जागी स्वतःचं घालतं. दोन-तीन वर्षांत सगळं हिचंच झालं."

शांतवन तिथंच उभा राहिला. जन्मभर त्यानं गवंडीकाम केलं होतं. तो म्हणाला, "म्हंजी सेंटरिंग."

"म्हणजे?"

"स्लॅबला खालनं आधार देतो ते. स्लॅब पक्का झाला की काढून घ्यायचं."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "पण ते नसतं तर हा पाय मोडला असता."

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "तुला म्हाईत हुतं?"

"डॉक्टरांनी तिसऱ्या वर्षीच सांगितलं होतं. आई म्हणाली, पप्पांना सांगू नको. त्यांच्याकडं एकच जोक आहे, तोही गेला तर जेवताना बोलतील काय?"

शांतवन हसला. हसता हसताच त्याचा आवाज फाटला आणि त्यानं टोपी काढून तोंडाला लावली. येणारी-जाणारी माणसं बघत होती. क्रिस्टीना त्याचा दंड धरून उभी राहिली.

एस्टीत बसल्यावर तो म्हणाला, "आजून काय काय बोलायची ती आत?"

"सात वर्षांचं आहे पप्पा. किती सांगू?"

"पहिल्यापासनं सांग. मी भायेर हुतो."

"पहिल्यांदा ना? तुम्हाला बाहेर बसवून आली आणि डॉक्टरांना म्हणाली, कमरेचं हाड किती घेनार? मला मांडी घालून भाकरी थापायच्या असत्यात. डॉक्टर म्हणाले, चार सुपाऱ्यांएवढं. तर म्हणते, मग पाच घ्या, पोरगी उंच व्हनार हाय."

"आसं म्हनली?"

"आणि वर त्यांनाच विचारलं, तुमी जेवलात का?"

राहुरी गेली, कोल्हार गेलं. दोघं अजून दुसऱ्या वर्षापर्यंतच आले होते.