शास्त्राच्या बासनातले पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. पुठ्ठा फाटलेला, पाने पिवळी आणि अंगाला तंबाखूचा वास. पुस्तके धीट असतात असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर विश्वास ठेवू नका. मी फार भित्रा आहे. श्रुतपंचमीची ती सकाळ आठवली की अजून माझी शिवण सैल होते.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. परक्यांच्या राज्यातून कोणकोणते देश कसे सुटले, त्याची खरी हकीकत माझ्यात आहे. एकोणीसशे तीसच्या सुमारास अशा पुस्तकांचे लोकांना वेडच लागले होते. कादंबऱ्या बाजूला ठेवून लोक आम्हाला वाचत. मग सरकारची वक्रदृष्टी झाली, बंदी आली, आणि माझी भावंडे पोलिसांनी गाडीत भरून नेऊन जाळली. मी तेवढा रायाप्पा नावाच्या एका तरुणाच्या सदऱ्याखाली दडून निपाणीला आलो.

रायाप्पाच्या वडिलांची, चंद्रप्पा आप्पांची, निपाणीत तंबाखूची वखार होती. बायका पाने निवडत बसत आणि रायाप्पाची बायको राजमती त्यांना मला वाचून दाखवी. मनुबाई नावाची कामकरीण हातातले पान तसेच धरून ऐकत राही. "आक्का, फुडं वाचा की! काय केलं मग त्या लोकांनी?" असे ती म्हणाली की मला कोण आनंद व्हायचा! पण दाराशी बूट वाजले की राजमती मला तंबाखूच्या ढिगात खुपसायची. त्या खकाण्यात माझा जीव गुदमरून जाई.

बेचाळीसच्या चळवळीत रायाप्पाला पकडले आणि बेळगावजवळ हिंडलग्याच्या तुरुंगात टाकले. आप्पांनी हाय खाल्ली.

"पोरगा गेला तुरुंगात. आता सून बी जायची वाट बघू व्हय?" ते राजमतीवर ओरडले. "चुलीत घाल आधी ते पुस्तक!"

राजमतीने मान हलवली, पण जाळायला तिचा हात होईना. आमच्याकडे जैनांच्या मंदिराला बस्ती म्हणतात. बस्तीत शास्त्राच्या पोथ्या लाल कापडाच्या बासनात बांधून ठेवलेल्या असतात आणि ती बासने राजमतीच शिवत असे. तिने मलाही तसेच बासन शिवले आणि गुपचूप पोथ्यांच्या कपाटात ठेवून दिले. तिथे पोलीस हात घालायचे नाहीत, अशी तिची समजूत.

पण ज्येष्ठात श्रुतपंचमी येते. त्या दिवशी सगळ्या पोथ्या बाहेर काढून, ऊन दाखवून त्यांची पूजा करतात. राजमती मला आदल्या दिवशी काढून नेणार होती. नेमकी तेव्हाच ती बाजूला बसली, आणि त्या दिवसांत बाईने बस्तीची पायरी चढायची नसते. आप्पांना सांगावे तर ते मला जाळतील, दुसऱ्या कुणाला सांगावे तर गावभर होईल. मी कपाटातच राहिलो.

सकाळी मी पोथ्यांबरोबर मंडपातल्या चौरंगावर. अंगावर फुले पडत होती, तांदूळ पडत होते, लोक हात जोडत होते आणि मी आतल्या आत कापत होतो. कापडाच्या विणीतून मला रस्त्यापलीकडे राजमती दिसत होती. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती उभी होती.

आणि फौजदार आला! कुणीतरी चुगली केली होती. कातडे आत चालत नाही म्हणून बस्तीच्या पुजाऱ्यांनी, उपाध्यांनी, त्याला बूट काढायला लावले आणि कमरेचा पट्टाही. घसरणारी विजार एका हाताने धरून तो म्हणाला, "एकेक बासन सोडा. रायाप्पाचं पुस्तक हितं हाय. मिळालं की त्याच्या बायकोला बी घेऊन जातो."

सोवळ्यातल्या माणसाशिवाय पोथीला कुणी शिवायचे नाही. दरवर्षी शास्त्र वाचण्याचा मान आप्पांचा, म्हणून तेच गाठी सोडू लागले. एक पोथी झाली, दुसरी झाली. माझी गाठ सुटली आणि आप्पांचा हात थांबला. त्यांनी मला ओळखले होते.

संपले, मला वाटले. आता राजमतीच्या हातात बेड्या पडणार आणि मी भट्टीत जाणार. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिले. मग मला मधोमध उघडून स्वतःपुढे ठेवले, माझ्या ओळींवर नजर लावली आणि शास्त्रातल्या गाथा म्हणायला सुरुवात केली. सगळ्या तोंडपाठ! मध्येच ते माझे पान उलटत होते. मंडळींनी हात जोडून सूर धरला. फौजदारही अवघडून उभा राहिला. शास्त्र चालू असताना अडवणार कोण?

"तंबाखूचा वास येतोय," गाथा संपल्यावर तो नाक फेंदारत म्हणाला.

"निपाणीत कुठं येत न्हाय, सायेब?" उपाध्ये म्हणाले.

उरलेल्या पोथ्या बघून तो पट्टा बांधत निघून गेला.

घरी आल्यावर आप्पांनी मला राजमतीच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवले. ती रडू लागली. "आप्पा, चुकलं माझं."

"माझं बी चुकलंय, पोरी. तोंडानं खोटं बोललो न्हाय, पर देवाम्होरं खोटं वागलो. उद्या उपास हाय माझा." ते वळले, पण गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर बसकण मारत म्हणाले, "ज्याच्यापायी उपास घडतोय, त्यात लिवलंय तरी काय? उद्या वाचून दाखव मला."

मित्रांनो, आता देश सुटला, रायाप्पा घरी आला, माझ्यावरची बंदीही उठली. आता मला भीती वाटते ती वाळवीची आणि बंद कपाटाची. मला कुणी जाळत नाही, पण फारसे कुणी उघडतही नाही. तुमच्या घरच्या जुन्या पुस्तकांना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा, आणि उन्हात ठेवलेच आहे तर दोन पाने वाचूनही बघा.

आप्पा मात्र मला विसरले नाहीत. यंदा श्रुतपंचमीला त्यांनी मला स्वतः बस्तीत नेऊन पोथ्यांशेजारी ठेवले. उपाध्ये हळूच म्हणाले, "आप्पा, हे शास्त्र न्हवं."

"ठावं हाय," आप्पा म्हणाले. "पर त्या दिवशी शास्त्रानंच ह्याला पोटाशी घेतलंय. आता मी कोण बाहेर काढणार?"