पोटुशीला पाणी

गावाकडून शहाडच्या पाचव्या मजल्यावर राहायला आलेल्या हौसाबाईंना सगळं पटलं होतं, फक्त एक झाड पटलं नव्हतं. नळाला पाणी होतं, गॅलरीतून उल्हास नदी दिसायची, सून वैशाली गुणाची होती. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती. पण गॅलरीच्या कोपऱ्यातल्या कुंडीत ते अडेनियम उभं होतं, खाली टम्म फुगलेलं खोड आणि वर चार फांद्या. बारा वर्षांपूर्वी वैशालीने कोलशेतच्या नर्सरीतून बोटाएवढं रोप आणलं आणि लेकरासारखं वाढवलं. एवढे लाड करून ती त्याला पाणी मात्र देत नव्हती.

"आई, थंडीत त्याला थेंबसुद्धा नको हं," कामावर निघताना ती बजावायची. "झोपलेलं असतं ते. उन्हाळ्यात बघा कसं फुलतं. बुद्धपौर्णिमेला मला फुलं विकत आणावी लागत नाहीत."

हौसाबाई मान डोलवायच्या आणि दार लागलं की झाडाकडे बघत बसायच्या. त्या फुगलेल्या खोडात त्यांना सरळ सरळ पोटुशी बाई दिसायची. माणदेशात, बहात्तरच्या दुष्काळात, त्यांची आई अशीच अवघडलेली विहिरीपासून चार हात लांब उभी राहायची. त्यांच्या आळीने विहिरीला हात लावायचा नाही, असा गावाचा कायदा. वरच्या आळीतली कुणी येईल, तिच्या मनात आलं तर वरून घागरीत पाणी ओतेल, तोवर सात वर्षांची हौसा आईचा पदर धरून उभी. आपल्या दारात कुणाला पाण्यासाठी ताटकळू द्यायचं नाही, ही गाठ तिने तेव्हाच मनाशी बांधली होती.

दुपारी नदीवरचा उजेड छतावर हलत राहायचा आणि बघता बघता हौसाबाईंचा डोळा लागायचा. मग ते झाड हळूच कुंडीतून उतरून विहिरीवर जायचं. फांद्यांची ओंजळ करून उभं राहायचं, मागायचं काहीच नाही. त्या दचकून जाग्या व्हायच्या, तर खाली आणखी दोन पिवळी पानं गळलेली असायची. आता याउपर ज्याला धीर धरवेल त्याने धरावा, हौसाबाईंना काही धरवला नाही. त्या रोज तांब्याभर पाणी घालू लागल्या.

जानेवारीतल्या एका रविवारी वैशालीने खोडावर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. तिने झाड उपटून वर्तमानपत्रावर ठेवलं. सुरी घेऊन ती कुजलेला भाग कापत राहिली, पांढरा गर लागेपर्यंत, आणि अर्धं पोट निघून गेलं. उरलेल्याला हळद फासली आणि सुतळी बांधून ते सावलीत ग्रिलला टांगलं.

"आता माती नाही, पाणी नाही. जखम सुकली तर जगेल," ती म्हणाली. "कुंडीचं भोक बुजलं असेल. माझंच लक्ष नव्हतं."

खरं तर तेव्हाच सांगायचं. पण हौसाबाईंची जीभ उचलेना. त्या दिवशी त्यांना घास उतरला नाही.

पुढचा महिनाभर हौसाबाई रोज दुपारी त्या टांगलेल्या झाडाखाली बसायच्या. डोळा लागला की तेच स्वप्न, पण आता झाड विहिरीवर लोंबकळत असायचं आणि त्याला आईचा चेहरा असायचा. पाचव्या आठवड्यात एकदा त्या उठल्या, तांब्या भरला आणि स्टुलावर चढल्या. मुळांवर नुसता शिपका मारायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

फांदीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढे दोन हिरवे कोंब आले होते.

हौसाबाईंनी खोड चाचपलं. ते सुरकुतलं होतं, साल सैल पडली होती. तिथलंच पाणी वर चढून हिरवं झालं होतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्या खाली उतरल्या, भिंतीला टेकल्या आणि तांब्यातलं पाणी स्वतःच प्यायल्या.

संध्याकाळी वैशाली घरी आली, तिने अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

"म्याच पानी घालत हुते," हौसाबाई म्हणाल्या. "रोज."

"माहितीये, आई. कुंडीखालची ताटली ओली होती."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलणार होते. खूप राग आलेला मला." वैशाली त्यांच्याशेजारी बसली. "पण तुम्ही जेवला नाहीत त्या दिवशी."

हौसाबाईंनी तिचा हात धरून तिला ग्रिलपाशी नेलं आणि कोंब दाखवले. वैशालीचे डोळे भरून आले. खाली नदी तांबूस झाली होती.

"ह्याला कुनाची वाट बघाय लागत न्हाई, बाय," हौसाबाई म्हणाल्या. "समदं पानी पोटात घिऊन बसलंय."

मग थोड्या वेळाने, झाडालाच सांगावं तसं, त्या हळू म्हणाल्या, "माझ्या आयला असं पोट असतं, तर ती तितं हिरीपाशी उभी ऱ्हायली नसती."