पाठमोरी

२००९ साल. संग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो आणि पडद्यावरची बाई काही केल्या वळत नव्हती.

‘पाठमोरी’ ही एका चित्रकाराने पूर्वी संगणकावर केलेली कलाकृती. खिडकीत पाठमोरी बसलेली बाई. समोर कुणी उभं राहिलं की कॅमेऱ्यातून यंत्राला ते दिसे आणि ती मान वळवून त्या माणसाकडे बघे. जुना संगणक अखेरच्या घटका मोजत होता, म्हणून तिला नव्या संगणकावर उतरवायचं आणि ती मुळात कशी वागते याचं चित्रण जपून ठेवायचं ठरलं होतं. मी तिथे टंकलेखिका. त्या कामाची टिपणं माझ्याकडे होती. माझी वहिनी त्याच खोलीत राखणदार होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून “हात नका लावू” म्हणायचं, एवढंच तिचं काम.

चित्रणात ती बाई जवळजवळ प्रत्येकाकडे वळत होती. नव्या संगणकावर मात्र ढिम्म.

“याला जपणं म्हणायचं की गळा दाबणं?” संचालक तंत्रज्ञ मुलीवर खेकसले.

“सर, मूळ सूचना आहेत तशाच उतरवल्यात. फक्त चाचणीच्या खटक्याचा भाग होता, तो अडगळ म्हणून गाळला.”

“मग काय, रुसली ती आपल्यावर?”

दोघंतिघं हसले. मुलीचे डोळे भरून आले. तिची नोकरी कराराची, आणि करार वाढणं याच कामावर अवलंबून होतं. चित्रकारही मुद्दाम आले होते. काठीवर हनुवटी टेकून ते गप्प बसले होते.

“साहेब, तिला बोलू नका,” कोपऱ्यातून वहिनी म्हणाली. “तो माझा पाय आहे.”

कुणालाच काही कळेना. वहिनी उठली, वाकली आणि खुर्चीपुढचा गालिचा तिने बाजूला केला. खाली पायाने दाबायचा खटका होता. यंत्र बसवणाऱ्याने चाचणीसाठी लावलेला, नंतर काढायचा राहून गेलेला.

“एक गृहस्थ यायचे,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “हात सारखे थरथरायचे त्यांचे. माणूस अगदी निश्चल उभा राहिला तरच ही बया वळणार. त्यांना कसं जमावं? यायचे, उभे राहायचे, जायचे. एक दिवस मी दाबला पाय. ती वळली. रडले हो ते. मग एक पोर कडेवर घेतलेली बाई आली. मग म्हटलं, याला हो म्हणायचं आणि त्याला नाही, हे ठरवणारी मी कोण? सगळ्यांसाठीच दाबत गेले.”

“म्हणजे इतकी वर्षं लोक तुमचा पाय बघायला तिकीट काढत होते?” संचालक म्हणाले.

या वेळी सगळेच हसले. वहिनीची मान आणखी खाली गेली. ही माझी भावजय आहे हे इथे कुणाला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आणि असं वाटल्याचीच मग जास्त लाज वाटली.

चित्रकार हसले नव्हते. “तिने क्वचितच वळायचं होतं,” ते म्हणाले. “माणूस स्वतःची चुळबूळ विसरेल, तेव्हाच. हिला पारितोषिक मिळालं तेव्हा सगळे म्हणाले, हिच्यात फार माया आहे. म्हटलं, असेल बुवा! इथे येऊन एकदा बघण्याचीही तसदी घेतली नाही मी.” मग ते म्हणाले, “सकाळी चित्रण बघितलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. या मुलीला बोलणी बसत होती आणि मी गप्प बसलो.”

“मग जपायची कोणती, सर?” मुलीने हळूच विचारलं.

ते पडद्याकडे पाठ करून म्हणाले, “मी केलेली. चित्रणही राहू द्या. पण त्याच्याखाली खरं काय ते लिहा.”

घरी जाताना वहिनी म्हणाली, “वन्सं, यांना सांगू नका हं.”

“त्यात सांगण्यासारखं काय आहे?”

“तेच म्हणते मी.”

दादाला अखेरपर्यंत कळलं नाही. मुलीचा करार वाढला. आज ती दुसऱ्या एका संग्रहालयात मोठ्या हुद्द्यावर आहे. चित्रकारांनी पारितोषिक परत केलं. देणाऱ्यांना ते ठेवावं कुठे ते कळेना. संचालक निवृत्त झाले. पायाचा किस्सा ते रंगवून सांगतात, पण मुलीवर खेकसल्याचं त्यातून गळून गेलं आहे.

वहिनीने महिन्याभरात नोकरी सोडली. निरोप समारंभालाही आली नाही. त्यानंतर ते थरथरत्या हातांचे गृहस्थ एकदा आले होते. बराच वेळ उभे राहिले. मग टोपी घालून निघून गेले, ते पुन्हा दिसले नाहीत.

वहिनी अधूनमधून विचारायची, “ते येतात का हो?”

“येतात की.”

“मग?”

मी भाजी निवडत राहायची. ती माझ्यापुढची अर्धी जुडी आपल्याकडे ओढून घ्यायची. ती गेल्याला आता पाच वर्षं झाली. भाजी मी अजून दोघींच्या अंदाजाने आणते.